वरच्या पायरीवरचे पत्र

मी एक जुनी, लाकडी, घडीची शिडी आहे. मला सात पायऱ्या आहेत. त्यांतली पाचवी थोडी करकरते. सातवी, म्हणजे सगळ्यात वरची, ही खरे तर पायरी नसून एक रुंद फळी आहे. रंगाचा डबा ठेवता यावा म्हणून सुताराने ती मुद्दाम रुंद केली होती. मित्रांनो, याच फळीवर, बल्बच्या खोक्याखाली, एक पत्र तेवीस दिवस पडून होते. ते आमच्या काकांना आले होते आणि काकांनी त्याचे उत्तर दिले नव्हते.

तुम्ही म्हणाल, एखाद्या पत्राचे उत्तर राहून गेले तर त्यात एवढे काय? कदाचित माझेही चुकत असेल. शिडीला पत्रव्यवहारातले काय कळते? पण त्या पत्रावर एका मुलीचा मोठा निर्णय अडून बसला होता. आणि उत्तर देण्याइतके ज्याला ठाऊक होते तो माणूस दिवसातून चार वेळा माझ्यासमोरून मान खाली घालून जात होता. म्हणून सांगायचे धाडस करते. कुठे पाल्हाळ झाला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी घराचे जुने दार त्याच्याकडे आले होते. त्या दाराच्या लाकडातून त्याने मला बनवले. म्हणजे आधी मी दार होते. दारातून माणसे आत जात होती, आता माझ्यावरून वर जाऊ लागली, एवढाच काय तो फरक. सुताराने माझे पाय चारही बाजूंनी तासले, जमिनीवर ठेवून हलवून पाहिले आणि म्हणाला, "डगमगत नाही. बस झालं." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.

मला एका रंगाऱ्याने घेतले. त्याच्याबरोबर मी पुष्कळ घरे पाहिली, तीही अशा ठिकाणांहून जिथे घरातली माणसे कधी बघत नाहीत. पंख्याच्या वर, कपाटाच्या मागे, छताच्या कोपऱ्यात. माणूस घर बघतो ते डोळ्यांच्या उंचीवरून. घराचे खरे दुखणे बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावर असते.

एकदा आम्ही एका दुमजली घरात रंगकामाला गेलो. त्या घराच्या मालकाला ते विकायचे होते. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, माळ्याजवळ, भिंतीला चांगली हातभर ओल होती. रंगाचे पोपडे सुटले होते.

मालक म्हणाला, "इथं जरा दोन हात जास्त मारा."

"ओल रंगानं जात नाही, साहेब," रंगारी म्हणाला.

"जायला कोण सांगतंय? दोन महिने दिसू नये, एवढंच बघा."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मग तो वर चढला आणि त्याने दोन हात जास्त मारले. मित्रांनो, त्याला वर पोचवणारी मीच होते. त्या पांढऱ्याशुभ्र कोपऱ्यात माझाही वाटा होता. हे ओझे मी पुढे बरीच वर्षे वागवले.

त्याच कामावर असताना रंगाऱ्याने नवी, हलकी, ॲल्युमिनियमची शिडी घेतली. काम संपल्यावर तो ती घेऊन गेला आणि मी जिन्याखालीच राहिले. मला वाटले, आता आपण चुलीत जाणार. पण त्या घराला गिऱ्हाईक आले.

ते गिऱ्हाईक म्हणजे काका आणि काकू. काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचे काम. आयुष्यभर चुकाच पाहिल्यामुळे असेल, स्वतःच्या बाबतीत त्यांना कशाचीच खात्री वाटत नसे. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी ते घरी येऊन स्वतःचीच बेरीज तपासायचे. काकू मात्र अगदी उलट. बोलायला मोकळ्या आणि हिशेबाला पक्क्या. खालची दोन घरे आणि वरची दोन, अशी चार बिऱ्हाडे राहतील एवढे ते घर होते. एकात आपण राहायचे आणि तीन भाड्याने द्यायची, हा बेत काकूंचाच.

कर्ज मंजूर करण्याआधी बँकेतल्या बाई घर बघायला आल्या. माझ्याजवळच, जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी चौकशी केली.

"भाडं किती धरलंय?"

काका चाचरत म्हणाले, "तीन घरांचं. म्हणजे, बारा महिन्यांचं."

"बारा महिने कुणाची घरं भरलेली असतात? एक घर कायम रिकामं आहे असं समजा. उरलेल्या दोन घरांचं भाडं आणि तुमच्या पगारातून सहज निघेल तेवढी रक्कम, यात हप्ता बसतो का?"

काकूंनी बोटांवर हिशेब केला. "नाही बसत. थोडं कमी पडतं."

"मग कर्ज कमी घ्या. बँक जास्त द्यायला तयार आहे, पण फेडायच्या वेळी बँक तुमच्या मदतीला येणार नाही. आणि एक. सगळी पुंजी घर घेण्यातच संपवू नका. सहा हप्ते बाजूला ठेवा आणि ते नाहीतच असं समजा."

बाई गेल्यावर काका म्हणाले, "आपल्याला नाही झेपायचं हे."

"त्या झेपत नाही म्हणाल्या का? कमी घ्या म्हणाल्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मालकाशी घासाघीस सुरू केली. काकांना घासाघीस ऐकवत नसे. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. घर बरेच दिवस विकले जात नव्हते, त्यामुळे मालक किमतीत खाली उतरला आणि कर्जाचा आकडाही बाईंनी सांगितलेल्या हिशेबात बसला.

एक काम मात्र काकांनी न लाजता केले. विक्रीचे सगळे कागद त्यांनी छापखान्यातला मजकूर तपासावा तसे, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचले. एका जुन्या कागदावर मालकाच्या बहिणीचे नाव होते आणि विक्रीच्या कागदावर तिची सही नव्हती. काकांनी तिथे पेन्सिलने बारीकशी खूण केली. मालक चिडला, "किरकोळ गोष्ट आहे," म्हणाला. पण बहिणीची सही येईपर्यंत काकांनी बयाणा दिला नाही. माणसांसमोर त्यांची बोबडी वळायची, पण कागदाला ते कधी भ्यायले नाहीत.

घर ताब्यात आले त्या दिवशी काकांना जिन्याखाली मी सापडले. त्यांनी माझ्यावरची धूळ आपल्या रुमालाने पुसली. त्यांना पुस्तके उंच फळीवर ठेवायची होती. सगळ्या पुस्तकांना पुरेल एवढे कपाट नव्हते, म्हणून काही पुस्तके वरच्या त्या खोलीतल्या माळ्यावर जायची होती. काका माझ्यावर चढले आणि त्यांनी कोपऱ्यात हात टेकला. रंगाखाली भिंत फुगली होती. बोटाने दाबताच पापुद्रा खाली आला.

काका माझ्यावरच बसून राहिले. "बघितलंस? मला कळायला हवं होतं," ते काकूंना म्हणाले.

"शिडी लावल्याशिवाय कसं कळणार होतं? आता कळलं ना," काकू म्हणाल्या. बाजूला ठेवलेल्या सहा हप्त्यांतले दोन त्या कोपऱ्यात गेले. टाकीचा पाइप बदलला, गिलावा नवा केला. बाकीचे चार हप्ते शाबूत होते, म्हणून कुणाची झोप उडाली नाही. आणि माझ्या मनावरचे ओझे निम्मे तरी उतरले. ज्या कोपऱ्याचे दुखणे मी झाकायला मदत केली होती, ते मीच उघडे केले होते.

घरात भाडेकरू आले. खाली एक घड्याळजी, वर एक शिक्षक जोडपे, आणि त्या माळ्याच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशी. मावशींची जीभ त्यांच्या कात्रीसारखी होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंना विचारले, "तुमचे हे बोलतात का, की फक्त वाचतात?"

खरी अडचण तीच होती. घर भाड्याने दिले की अधूनमधून जाऊन विचारावे लागते. नळ गळतो का, खिडकी लागते का, काही हवे-नको का. काकांना दुसऱ्याचे दार वाजवायचे म्हटले की घाम फुटायचा. "मालक म्हणून जाऊन उभं राहायचं? त्यांना वाटेल, मी पाळत ठेवायला आलोय."

काकू म्हणाल्या, "नुसतं जायला लाज वाटते ना? मग शिडी घेऊन जा. बल्ब बघायला आलो म्हणा."

मित्रांनो, या एका वाक्याने माझे आयुष्य बदलले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काका मला खांद्यावर घेऊन निघायचे. दार वाजवायचे आणि म्हणायचे, "बल्ब बघायचा होता." खांद्यावर शिडी असलेल्या माणसाला कोण अडवणार? काका वर चढायचे, बल्ब पुसायचे, कोपऱ्यांना हाताची पालथी बाजू लावून बघायचे. आणि खाली उभे राहून माणसे बोलायची. माणूस वर चढलेला असला, त्याचे तोंड दिसत नसले, की बोलणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. घड्याळजींच्या मोरीचे पाणी तुंबते हे असेच कळले. शिक्षकांची बदली होणार हे दोन महिने आधी कळले, म्हणून नवा भाडेकरू वेळेवर मिळाला आणि घर एक दिवसही रिकामे राहिले नाही. "शिडी आली," असे घरातली माणसे म्हणू लागली. काका आले, असे कुणी म्हणत नसे. पण काकांना ते आवडायचे. मला तर फारच आवडायचे.

अशी वर्षे गेली. कर्ज जवळजवळ फिटले. मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. त्याबद्दल मला फार बोलता येणार नाही. त्या महिन्यात पहिल्या रविवारी काकांनी मला उचलले, दारापर्यंत नेले आणि परत आणून ठेवले.

त्यानंतर वर्षभराने एक दलाल घरी येऊ लागला. गोड बोलायचा. गावाबाहेर नव्या इमारती होत होत्या. "काका, तुमच्यासारखा अनुभवी माणूस! एक घर इतकं छान चालवलंत. दुसरं घ्या. हे घर तारण ठेवा. भाड्यातूनच हप्ता सुटेल. तुम्हाला बोटही हलवावं लागणार नाही. दोन्ही घरांची व्यवस्था आमचा माणूस बघेल."

कुणी 'अनुभवी' म्हणाले की काकांना गोंधळायला व्हायचे. आयुष्यात त्यांना हा शब्द फारसा कुणी दिला नव्हता. त्यांनी सही केली. दलालाचा माणूस आला, त्याने मला पाहिले आणि म्हणाला, "ही लाकडी शिडी कशाला? कुणी पडलं तर?" मी पुन्हा जिन्याखाली गेले. माझ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला.

दीड वर्ष मी तिथे होते. नव्या घराला भाडेकरू मिळाला तो पाच महिन्यांनी, आणि वर्ष व्हायच्या आत गेला. व्याजदर वाढला, हप्ता वाढला. काका आता रविवारीही छापखान्यात जादा काम करू लागले. पहिला रविवार यायचा आणि जायचा. छतावरच्या टाकीचा पाइप पुन्हा सैल झाला होता. मावशींनी दलालाच्या माणसाला तीनदा सांगितले. त्याने तीनदा वहीत लिहून घेतले.

एका दुपारी वरून धाडकन आवाज आला. माळ्याजवळचा गिलावा मावशींच्या शिवणयंत्रावर कोसळला होता. मावशी चहा ठेवायला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या. पण शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर चिखलात गेली होती.

काका धावत आले. दारात उभे राहिले.

मावशी रागाने म्हणाल्या, "शिडी यायची तेव्हा मला सांगावं लागत नव्हतं, काका."

एवढेच. काका मागे वळले, खाली आले, वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाजूला सारला आणि मला घेऊन वर गेले. तो सगळा कोपरा त्यांनी स्वतःच्या हाताने खरवडला. त्या दिवशी ते माझ्यावर एकेक पायरी चाचपत चढले. सुताराची शाबासकी आठवून मी जमिनीवर घट्ट उभी राहिले.

गणवेशाच्या कापडाचे पैसे काकांनी आधी दिले, मग ते बँकेत गेले. तिथल्या त्याच बाई आता मोठ्या हुद्द्यावर होत्या. "हप्ता चुकायच्या आधी आलात, ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "चुकल्यावर येतात त्यांना मला फार मदत करता येत नाही." दुसरे घर तोट्यात विकावे लागले. घड्याळजी आणि दुसरे बिऱ्हाड कंटाळून निघून गेले, दोन घरे पाच महिने रिकामी राहिली. पण काकूंचे घर वाचले. आणि मावशी राहिल्या. का राहिल्या, असे काकांनी एकदा वर चढल्यावर, तोंड भिंतीकडे करून विचारले. मावशी म्हणाल्या, "खरवडायला माणूस नाही पाठवलात, स्वतः आलात. आता खाली उतरा, चहा निवतोय."

त्या दिवसापासून पहिला रविवार चुकलेला नाही. पण काकांनी आपले ते बुडणे मनात असे गाडून टाकले की जणू ते कुणी वाचले तर आयुष्यभराचे काम खोटे ठरेल.

आणि मग ते पत्र आले. काकांच्या धाकट्या भावाची मुलगी, लाडाचे नाव छबी, दुसऱ्या गावी एका दवाखान्यात परिचारिका आहे. फोनवर काका "हं, हं" याच्यापुढे जात नाहीत हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने पत्रच लिहिले. एक छोटे घर पाहिले आहे, वरच्या दोन खोल्या भाड्याने देता येतील. बँक मागितल्यापेक्षा जास्त कर्ज द्यायला तयार आहे. मालकाने घराला नुकताच नवा रंग दिला आहे. महिनाअखेरपर्यंत तो थांबायला तयार आहे. आणि शेवटची ओळ, 'काका, आपल्या घरात हे फक्त तुम्हालाच कळतं. तुमचं पत्र आल्याशिवाय मी सही करणार नाही, पण महिनाअखेरीनंतर मालक थांबणार नाही.'

नुकताच नवा रंग! काका हे मोठ्याने वाचत होते तेव्हा माझी पाचवी पायरी आपोआप करकरली.

काकांनी पत्र माझ्या वरच्या फळीवर ठेवले. नंतर त्यावर बल्बचे खोके ठेवले. त्यांनी सात वेळा उत्तर लिहायला घेतले. चुका शोधायला शिकलेला माणूस तो. दोन ओळी लिहायचे, समासात खूण करायचे आणि कागद फाडायचे. "बुडालेल्या माणसानं सल्ला द्यायचा?" असे पुटपुटायचे. मला वाटायचे, अरे बाबा, तेच तर लिही! पण शिडी बोलत नाही. ती फक्त उभी राहते.

तेविसाव्या दिवशी महिना संपायला आठवडा उरला होता. मावशींना पडदा लावायचा होता, म्हणून त्या मला न्यायला आल्या. त्यांनी मला उचलले तसे खोके घसरले आणि पत्र जमिनीवर पडले.

"हे काय, काका? छबीचं पत्र दिसतंय. केव्हाचं?"

काकांनी सांगितले. पुष्कळ अडखळत, पण सगळे सांगितले.

मावशींनी मला परत उभे केले. "म्हणजे ती पोर तिथं वाट बघत बसलीय, आणि तुम्ही इथं लाजताय?"

"मी काय सांगणार तिला? माझं काय झालं ते तुम्ही बघितलंयत."

"मग तेच सांगा. दलाल सांगेल का तिला बुडायचं कसं? बँकेच्या रंगीत कागदावर छापलेलं असतं का? तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. मी लिहिते हवं तर, पण माझं अक्षर बघून ती औषधाची चिठ्ठी समजेल."

काका हसले. बऱ्याच दिवसांनी. मावशी पडद्याचे विसरून निघून गेल्या. काकांनी मला खिडकीजवळ नेले, तिसऱ्या पायरीवर उभे राहिले आणि वरच्या फळीवर कागद ठेवून लिहू लागले. म्हणून मित्रांनो, त्या पत्रातली बरीचशी अक्षरे मला ठाऊक आहेत. ती माझ्यावरच उमटली.

'चि. छबीस अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, कारण लाज. मी एकदा बुडालो होतो, हे तुला कुणी सांगितले नसेल. एक घर नीट चालले म्हणून मला वाटले, घरे आपोआप चालतात. ते घर तुझी काकू, एक शिडी आणि एक स्पष्ट बोलणारी भाडेकरू यांनी चालवले होते.

'नव्या रंगाचे घर बघायला शिडी घेऊन जा. कोपऱ्यांना हाताची पालथी बाजू लाव. थंड लागले तर आत ओल आहे. ओल असली म्हणून घर वाईट ठरत नाही, आमच्याही घरात होती. पण ती घालवायचा खर्च किमतीतून कमी करून माग. तुला घासाघीस जमत नसेल तर जिला जमते तिला बरोबर ने आणि तू रस्त्यावर जाऊन उभी राहा. मीही तसाच उभा होतो. कागद मात्र तू स्वतः वाच. ज्यांची ज्यांची नावे जुन्या कागदांत आहेत त्यांच्या सह्या नव्या कागदावर आहेत का बघ. त्याआधी एक पैसाही देऊ नकोस.

'बँक जास्त द्यायला तयार आहे, ही आनंदाची बातमी नव्हे. दोन खोल्यांपैकी एक रिकामी आहे आणि व्याज थोडे वाढले आहे, असे धरून हप्ता तुझ्या पगारात बसतो का पाहा. सहा हप्ते बाजूला ठेवून मगच सही कर. ते ठेवता येत नसतील तर हे घर जाऊ दे. दुसरे येईल.

'भाडे मी नऊ वर्षे लाजेपोटी वाढवले नाही आणि मग एकदम वाढवावे लागले. तसे करू नकोस. दरवर्षी थोडे, आधी सांगून, करारात लिहून. जास्त भाडे देणारा आणि घर आपले समजणारा, यांत दुसऱ्याला निवड. आणि महिन्यातून एकदा दार वाजव. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. लाज वाटली तर बल्ब बघायला आले म्हण.

'घे असेही मी सांगत नाही, घेऊ नको असेही नाही. माझे चुकतही असेल. पण माझ्या मनाला विचारशील तर, हे घर घेतल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. ज्यांनी ते सांभाळायला मदत केली त्यांचे आभार मानायला मात्र मी फार उशीर केला.'

काकांनी खाली सही केली. मग त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलकडे गेला. मी श्वास रोखला. शिडीला जेवढा रोखता येतो तेवढा. काकांनी पेन्सिल परत खिशात ठेवली. जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर तपासणाऱ्या त्या माणसाने आपले पत्र पुन्हा वाचलेही नाही. पाकिटात घातले आणि चिकटवले.

मित्रांनो, आता माझ्या पायांना वाळवीची भीती आहे, बिजागरी गंजली आहे. तरी माझी कुणाविषयी तक्रार नाही. सुताराने मला डगमगू दिले नाही, काकूंनी मला काम दिले, मावशींनी मला जिन्याखालून बाहेर काढायला लावले. माझे एकच मागणे आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी घर घेईल, कुणी भाड्याने देईल, कुणी भाड्याने राहील. महिन्यातून एकदा आपल्या छताकडे मान वर करून बघा. आणि आपण कुठे चुकलो हे तुम्हाला ठाऊक असेल आणि कुणी त्याच वाटेवर उभे राहून विचारत असेल, तर त्याला वाट बघायला लावू नका.

काका पाकीट हातात घेऊन दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी थांबले. परत आले. माझ्याकडे पाहिले. आणि मग त्यांनी मला खांद्यावर घेतले.

जिन्यात मावशी भेटल्या. "शिडी कुठं निघाली, काका?"

"कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत."

"अहो, ती पेटी तुमच्या छातीएवढीच तर आहे!"

"हो. पण नुसतं जायला..." काका म्हणाले.

मावशी बाजूला झाल्या. "जा. मी दार लावून घेत नाही."

भर सकाळी, रहदारीच्या रस्त्यातून, एका हातात पाकीट आणि खांद्यावर मी, अशी आमची वरात निघाली. पेटीशी पोचल्यावर काकांनी मला उघडून नीट उभे केले. एक सायकलवाला थबकला. "वर काही अडकलंय का हो?"

"अडकलं होतं," काका म्हणाले.

त्यांनी डावा हात माझ्या वरच्या फळीवर ठेवला, जिथे ते पत्र तेवीस दिवस पडून होते. उजव्या हाताने पाकीट फटीत सरकवले, क्षणभर धरून ठेवले, आणि सोडले. आत दुसऱ्या पत्रांवर ते अलगद पडल्याचे आम्ही दोघांनी ऐकले.